तिची म्हणे रात्रभर झोपते

“जांभया देऊ नका गं माझ्या तोंडासमोर. तुमचं बघून मला येते, आणि मला आली की हात हलतो,” मावशी पॉलिशच्या चाकाआडून कुरकुरल्या.

“मी एकटीच देतेय,” धाकटी म्हणाली, आणि बोलता बोलताच तिला दुसरी आली. चांगली लांबलचक, शेवटी ‘आई गं’ लागलेली. “थोरलीला कशाला मध्ये घेता? तिची झोपते रात्रभर.”

थोरली खिडकीजवळच्या टेबलावर मेणात दात मांडत बसली होती. तिलाही नेमकी तेव्हाच जांभई आली होती, पण तिने ती ओठ न उघडता, नाकपुड्या फुगवून, आतल्या आत गिळून टाकली. कामावर परत आल्यापासून ही कला तिने चांगली कमावली होती. फक्त डोळ्यांत पाणी यायचं, त्याला इलाज नव्हता. ते ती मेणाच्या धुरावर ढकलायची.

दातांची लॅब म्हणजे एका औषधांच्या दुकानामागच्या दोन खोल्या. गावातले डॉक्टर लोकांच्या तोंडाची मापं घेऊन इथे पाठवायचे आणि इथून कवळ्या तयार होऊन जायच्या. सकाळी आलेली पाकिटं धाकटी उघडायची, मापात प्लास्टर ओतून हिरड्यांचे साचे काढायची, आणि डॉक्टरांची चिठ्ठी बघून प्रत्येक साच्यासोबत त्या माणसाच्या दातांची पट्टी एका डब्यात ठेवायची. तो डबा थोरलीकडे यायचा. ती साच्यावर मेण चढवून त्यात एकेक दात असा मांडायची की माणूस हसला तर आपल्याच दातांनी हसतोय असं वाटावं. पुढे आतल्या खोलीत मालक, ज्यांना सगळे भाऊ म्हणत, मेणाच्या जागी गुलाबी हिरडी पक्की करायचे, आणि शेवटी मावशी ती घासूनपुसून चकचकीत करायच्या. सगळ्या कामात एक नियम भाऊंनी कानीकपाळी ओरडून सांगितलेला होता. टेबलावर एका वेळी एकच डबा. पहिला बंद झाल्याशिवाय दुसऱ्याचं झाकण उघडायचं नाही.

थोरली आणि धाकटी सख्ख्या बहिणी नव्हत्या, चुलतही नव्हत्या. दोघी मागेपुढे बाळंत झाल्या, मागेपुढे कामावर परतल्या, म्हणून मावशींनी ही नावं ठेवली आणि ती चिकटली. थोरलीची छकुली आणि धाकटीचा गुंड्या. दोघं नऊ महिन्यांच्या आसपास, दोघांना खालचे दोन दोन दात. या लॅबमध्ये दात आलेल्यांचं कौतुक तसं कुणाला नसायचं, पण त्या चार दातांचं झालं होतं.

आता ते ‘रात्रभर झोपते’ कुठून निघालं, ते सांगायला हवं.

कामावर परत आली त्या दिवशी भाऊंनी थोरलीला सहज विचारलं होतं, “काय, पोरगी झोपते ना रात्रीची? नाही, आपलं काम बारीक. डोळा मिटला की दात वाकडा.” भाऊ तसे मऊ माणूस. पण थोरलीच्या जागेवर तोवर एक मुलगा बसवलेला होता आणि तो काही वाईट मांडत नव्हता. “झोपते की,” ती म्हणाली. “एकदा पडली की सकाळीच.”

एवढंच. पण भाऊंना त्याचं असं काही अप्रूप वाटलं की त्यांनी ते चहावाल्यापासून डॉक्टरांच्या कंपाउंडरपर्यंत सगळ्यांना सांगितलं. छकुलीचं नाव कुंभकर्णाची भाची पडलं. लोक थोरलीकडे जरा आदराने बघू लागले, जणू तिने काही परीक्षा पास केली होती. आणि खरं सांगायचं तर तिला ते आवडलंही. बाळंतपणानंतर तिच्याकडे कुणी आदराने बघावं असं दुसरं काही घडलं नव्हतं.

मग धाकटी परत आली. डोळ्यांखाली काळं, केसांत दुधाचा वास, आणि पहिल्याच दिवशी सगळ्यांसमोर, “माझा नाही झोपत बाई! दर दोन तासांनी भोंगा. तू काय करतेस गं, सांग ना मला.”

तिथेच थोरलीने म्हणायला हवं होतं की अगं, काही करत नाही, माझीही उठते. शब्द जिभेवर आलेही होते. पण भाऊ दारात उभे होते, आणि तिने सांगायला सुरुवात केली. संध्याकाळी कोमट पाण्याची अंघोळ. तळपायांना तेल. चारनंतर डुलकी नाही. दिवा मंद, गाणं रोज एकच. यातलं काही तिने इकडून तिकडून ऐकलेलं होतं, स्वतःच्या घरी करूनही बघितलं होतं, आणि छकुली तेल लावलेल्या पायांनी तितक्याच उत्साहाने उठत होती. पाळण्याचं तोंड दाराकडे करायचं, हे तर तिने तिथल्या तिथे रचलं. धाकटीच्या एका खोलीत पाळणा फिरवायला जागा नव्हती. तिने आणि तिच्या नवऱ्याने कपाट सरकवलं. दुसऱ्या दिवशी धाकटी कंबर धरून आली आणि म्हणाली, “फिरवला गं. उठला तरी. पण बहुतेक मीच नीट फिरवला नसेल.”

थोरलीने त्या दिवशी डबा उघडला तो अर्धा तास नुसताच उघडा ठेवला.

घरी छकुली कधी दोनदा उठायची, कधी चारदा. एकदा दुधासाठी, एकदा उगीच, आई आहे ना जागेवर एवढं बघायला. लस द्यायला नेलं तेव्हा थोरलीने नर्सला हळूच विचारलं होतं. स्वतःचं म्हणून विचारायला जीभ रेटेना. म्हणून म्हणाली, “माझ्या एका मैत्रिणीचं बाळ आहे, हिच्याएवढंच. रात्री सारखं उठतं. काही बिघडलंय का त्याचं?”

नर्सने छकुलीच्या मांडीवर कापूस दाबून धरला होता. “ताप नाही ना? वजन वाढतंय? दिवसा खेळतंय? मग काय बिघडायचंय. या वयाची उठतातच. एकदा, दोनदा, काही त्याहून जास्त. रात्री आपणही कितीदा जागे होतो, कूस बदलतो आणि झोपतो, सकाळी आठवत नाही. यांना अजून आपलं आपण परत झोपता येत नाही, हाक मारतात. रांगायला लागली की मध्येच आणखी वाढतं. वर्षाची होऊनही उठणारी पुष्कळ असतात.” आणि मग हसून, “आईचं काही चुकत नाही म्हणावं त्यात. मैत्रिणीला सांगा बरं का.”

थोरलीला तिथेच रडू आलं, पण छकुली आधीच रडत होती, त्यात ते खपून गेलं. बाहेर पडताना तिला इतकं हलकं वाटत होतं की रस्त्यात तिने पोरीचा मुका घेतला. पण मैत्रिणीला काही तिने सांगितलं नाही. खरीखुरी मैत्रीण रोज सकाळी समोरच्या टेबलावर प्लास्टर कालवत होती, आणि नर्सचा निरोप थोरलीच्या पोटात तसाच पडून होता. सांगायचा तर आधी सांगावं लागलं असतं की विचारायला का गेले होते.

तर त्या सकाळी, मावशींची कुरकुर चालू असताना, दार ढकलून एक उंच, रुंद म्हातारा आत आला. निवृत्त पहारेकरी असावा असा बांधा. डॉक्टरांकडे न जाता तो सरळ इथेच आला होता.

“कवळी कुणी केली?” त्याने विचारलं, आणि तोंड उघडलं.

मावशींनी चाक बंद केलं. त्या भल्याथोरल्या जबड्यात नाजूक, गोलसर, मोत्यासारखे बारीक दात होते. बाहुलीचे असतात तसे.

“बसते झकास,” म्हातारा म्हणाला. “चावताही येतं. पण हे माझे नाहीत. मी हसलो की बायको तोंडाला पदर लावते. नातू म्हणतो, आजोबा, परत करा. कुणाचे आहेत हो हे?”

कुणाचे ते कळायला फार वेळ लागला नाही. दुपारी डॉक्टरांचा फोन आला. एक छोटीशी आजीबाई त्यांच्याकडे येऊन बसली होती आणि तिचा ओठ मिटत नव्हता. डॉक्टर तापले होते. एरवी मेणातले दात एकदा तोंडात लावून बघतात, पण दोघंही लांबून यायची म्हणून त्यांनी ती चाचणी गाळली होती, लॅबच्या भरवशावर.

भाऊंनी चिठ्ठ्या काढून बघितल्या. चिठ्ठ्या बरोबर होत्या. साचे बरोबर होते. नुसत्या दातांच्या पट्ट्या इकडच्या तिकडे झाल्या होत्या.

“मी कुणाला काही म्हणत नाही,” भाऊ म्हणाले, आणि धाकटीकडे बघितलं. थोरलीकडे बघण्याचं त्यांच्या मनातही आलं नाही. मांडलेलं मेण त्यांच्याकडेच आलं होतं, त्यांनीही ते चिठ्ठीशी ताडून बघितलं नव्हतं. थोरलीच्या हातचं म्हटल्यावर ते बघत नसत. “डबे भरतानाच काहीतरी झालं.”

धाकटीने हातातलं प्लास्टरचं भांडं खाली ठेवलं. “माझ्याकडूनच झालं असेल, भाऊ,” ती म्हणाली. “मला आठवतच नाही. सकाळी काय केलं ते मला दुपारी आठवत नाही हल्ली.”

थोरलीला मात्र आठवत होतं. बाहुलीचे दात बघितले त्याच क्षणी आठवलं होतं. ते मांडले त्याच्या आधीची रात्र फार वाईट गेली होती. काम लवकर उरकावं म्हणून तिने दोन्ही डब्यांची झाकणं एकदम उघडली, दोन्ही पट्ट्या शेजारी शेजारी ठेवल्या, आणि मेण निवेपर्यंत जरा भिंतीला डोकं टेकलं. डोळे उघडले तेव्हा हातात सुरी होती, मेण थिजलेलं होतं, आणि कुणी बघितलं नव्हतं. तिने घाईघाईने जवळची पट्टी ओढली आणि मांडायला घेतली. सुंदर मांडले होते ते दात. पहारेकऱ्याच्या हिरडीवर, एकही वाकडा नव्हता.

‘मी केलं’, एवढे दोनच शब्द. दातखीळ बसल्यासारखी ती गप्प राहिली. आधी भाऊ फोनवर होते म्हणून, मग म्हातारा अजून बसला होता म्हणून, मग मावशी काहीतरी बोलत होत्या म्हणून. मग संध्याकाळ झाली.

घरी नवरा छकुलीला पाठीवर घेऊन घोडा झाला होता. थोरलीने चप्पल काढता काढताच सगळं सांगितलं.

घोडा थांबला. “मग सांगून टाक ना.”

“काय सांगू? चार महिने खोटं बोलले, तिला खोटी औषधं सांगितली, आणि आता तिच्या नावावर माझी चूक बसली तरी गप्प राहिले, हे?”

“एवढं लांब नको सांगू. आटोपशीर सांग.”

“हसू नकोस.”

“नाही हसत. मला आपलं वाटतं, चार दिवसांत विसरतील. म्हाताऱ्याला दात करून दिले की झालं.” तो गॅरेजमध्ये काम करायचा, आणि त्याच्या अनुभवात दुरुस्त झालेल्या वस्तूबद्दल कुणी परत विचारत नसे. छकुलीने त्याचे केस ओढले आणि घोडा चालू झाला.

थोरलीला त्याचं म्हणणं पटावं असं फार वाटत होतं. तिने ते पटवून घेतलंही. दुसऱ्या दिवशी तिने दोन्ही कवळ्यांचे दात पहिल्यापासून मांडले, एक डबा बंद करून मग दुसरा, आणि डोळ्यांत तेल घालून प्रत्येक दात चिठ्ठीशी ताडला. भाऊ येऊन बघून गेले. “बघ,” ते धाकटीला म्हणाले, “तिला निस्तरावं लागतंय.” धाकटी थोरलीजवळ येऊन हळूच म्हणाली, “माफ कर गं. माझ्यामुळे तुला दुप्पट काम.”

“असू दे,” थोरली म्हणाली. तोंडातून तेवढंच निघालं, आणि ते निघाल्याचीच तिला शिसारी आली.

त्या दिवशी हात धुताना मावशी तिच्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या. “बरं नाही का तुला? डोळे लाल दिसतात.”

“मेणाचा धूर.”

“हं,” मावशी म्हणाल्या. “आमच्या वेळी आम्ही चुलीचा म्हणायचो.” आणि साबण तिच्या हातात देऊन निघून गेल्या.

शनिवारी डबा खाताना धाकटीने सांगितलं. अगदी साधेपणाने, पोळीचा तुकडा मोडता मोडता. “उद्या गुंड्याला सासूबाईंकडे सोडून येतोय. तीन-चार महिने. त्या म्हणतात, आणून टाक माझ्याकडे, वळण लावते. झोपायला लागला की आणू परत.”

“म्हणजे?” थोरली म्हणाली. “दूध?”

“बंद करायचं. बाटलीचं घेईल. सासूबाई म्हणतात, चार दिवस रडेल, मग समजेल त्याला की कुणी येत नाही.” ती हसायला गेली, पण ते जमलं नाही. “काय करू? भाऊ काही बोलत नाहीत, पण आज त्यांनी पाकिटं माझ्याआधी स्वतः उघडली. नोकरी गेली तर भाडं कुठून द्यायचं? आणि तो बिचारा तरी काय, त्याला आई मिळाली ती ही अशी. तू सांगितलेलं सगळं केलं मी. तेल, अंघोळ, कपाटसुद्धा हलवलं. तुझी झोपते, माझा नाही. म्हणजे खोट माझ्यातच आहे ना?”

“तसं काही नसतं गं,” मावशी म्हणाल्या. “माझी तिन्ही शहाणी होती, पाठ टेकली की झोपायची. एकेकाचं नशीब.”

“आमचा मुलगाही असाच,” भाऊ आतून म्हणाले. “कधी त्रास नाही. बायको सांगते.”

“तुम्ही त्या वेळी पलीकडच्या खोलीत झोपायचात, भाऊ,” मावशी म्हणाल्या.

“काम असायचं सकाळी!” भाऊ म्हणाले, आणि सगळे जरा हसले. धाकटीसुद्धा.

थोरलीने हातातला घास परत डब्यात ठेवला. तिला गुंड्या दिसत होता, दोन दातांचा, अनोळखी घरात उभा राहून दाराकडे बघणारा. तिने त्याला एकदाच पाहिलं होतं. तिच्या कानातलं ओढून तोंडात घालायला निघाला होता.

“नको पाठवूस,” ती म्हणाली.

“मग दुसरं सुचव काहीतरी. तूच सांग.” तेवढ्यात धाकटीचा फोन वाजला. तिने बघितलं आणि चेहरा जरा सावरला. “सासूबाईच. उद्याच्या गाडीचं विचारत असतील. हॅलो, आई? हो, जेवतेय. हो, लॅबमध्ये… अहो, आहे ना, समोरच बसलीय ती. थांबा.” आणि तिने फोन टेबलावर ठेवून त्याचा आवाज मोठा केला. “थोरले, तू सांग गं त्यांना तुझी पद्धत. मी सांगते ते त्यांना खरं वाटत नाही. निदान तुझ्यासारखं तरी करतील, नुसतं रडू द्यायच्या नाहीत.”

फोनमधून खणखणीत आवाज आला. “बोल गं बाई. तुझी म्हणे रात्रभर झोपते?”

मावशी चावायच्या थांबल्या. भाऊ हात पुसत दारात आले. त्यांना हे ऐकायला नेहमीच आवडायचं.

“आजी,” थोरली म्हणाली.

“माझा मुलगाही झोपायचा हो. तिसऱ्या महिन्यापासून हूं नाही की चूं नाही. हल्लीच्या पोरींना कळत नाही, जरा खुट्ट झालं की उचलून घेतात. तू काय करतेस सांग. लिहून घ्यायला सांगू का कुणाला?”

धाकटी तिच्याकडे बघत होती. आशेने, आणि त्याहून वाईट म्हणजे, विश्वासाने.

“आजी, माझी झोपत नाही,” थोरली म्हणाली.

“काय? ऐकू येत नाही. गाडीचा आवाज येतोय इकडे. मोठ्याने बोल.”

एकदा म्हणताना जीव गेला होता, आता दुसऱ्यांदा म्हणायचं, तेही ओरडून. थोरली उठून उभी राहिली, फोनवर वाकली, आणि धाकटीच्या डोळ्यांवरून नजर न काढता इतक्या मोठ्याने बोलली की औषधांच्या दुकानातलं गिऱ्हाईकसुद्धा मागे वळून बघायला लागलं.

“माझी मुलगी झोपत नाही! एक रात्र सलग झोपलेली नाही. दोनदा उठते, चारदा उठते, काल पाचदा उठली. तेल लावून उठते, अंघोळ करून उठते. या वयाची उठतातच, आजी, नर्सनं सांगितलंय मला, आईचं काही चुकत नाही म्हणाली. मैत्रिणीला सांगा म्हणाली आणि मी सांगितलं नाही. गुंड्याला काही झालेलं नाही. त्याला त्याच्या आईजवळ राहू द्या. आणि भाऊ, ते दोन डबे मी उघडले होते, एकदम. मला झोप लागली होती. दात माझ्या हातून बदलले, हिच्या नाही.”